अटी आधी साठवा, मग सोडवा: कॉन्फिगरेशन पार्सरमधल्या सशर्त डिपेंडन्सी

एका बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये आम्ही वॉचडॉग (बोर्ड अडकलं तर ते आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) चालू केला होता. कॉन्फिगरेशन फाइलीत तशी ओळ होती, बिल्ड एकही इशारा न देता पार पडलं, आणि तरी यंत्रावर वॉचडॉग नव्हताच. बोर्ड अडकलं की कुणीतरी उठून वीज बंद-चालू करायचं. दोन दिवस ड्रायव्हर चाळल्यावर दोष सापडला तो आमच्याच घरगुती पार्सरमध्ये, म्हणजे ती फाइल वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या कोडमध्ये. वॉचडॉगला अट होती टायमरची, आणि टायमर हा पर्याय फाइलीत चाळीस ओळी खाली होता. पार्सर वरून खाली वाचत अटीपाशी पोचला तेव्हा टायमर नावाचं काही त्याला माहीतच नव्हतं. त्याने अट खोटी धरली आणि वॉचडॉग गुपचूप गाळून टाकला.

तो पार्सर मी नव्याने लिहिला तेव्हा लिनक्स कर्नेलमध्ये कुठले भाग घ्यायचे ते ठरवणारी केकॉन्फिग ही व्यवस्था समोर ठेवली. रोमन झिपेल यांनी लिहिलेली केकॉन्फिग ऑक्टोबर २००२ मध्ये कर्नेल २.५.४५ मध्ये आली. त्याआधी एरिक रेमंड यांनी सीएमएल२ नावाची पायथनमधली व्यवस्था पुढे केली होती, ती कर्नेलमध्ये घेतली गेली नाही. केकॉन्फिगची भाषा आज यू-बूट, बिल्डरूट, बिझीबॉक्स, झेफर या प्रकल्पांतही वापरली जाते. कर्नेलमध्ये दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत आणि त्यांच्या अटी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. एवढा भार वीस वर्षं पेललेली रचना अभ्यासली, तर आपल्या दोनशे पर्यायांच्या फाइलीत नेमकं काय चुकतं ते लगेच कळतं.

लेखभर हे छोटं उदाहरण धरू. कीवर्ड इथे देवनागरीत लिहिले आहेत, प्रत्यक्ष फाइलीत ते रोमन लिपीत असतात.

```
कॉन्फिग नेट
    बूल "नेटवर्क"

इफ नेट

कॉन्फिग वायफाय
    ट्रायस्टेट "वाय-फाय ड्रायव्हर"
    डिपेंड्स ऑन यूएसबी || पीसीआय
    डिफॉल्ट एम इफ लॅपटॉप
    सिलेक्ट फर्मवेअर_लोडर

एंडइफ
```

`बूल` म्हणजे हो-नाही असा पर्याय, `ट्रायस्टेट` म्हणजे तीन अवस्थांचा (त्या पायरी ३ मध्ये येतील). अवतरणातला मजकूर म्हणजे प्रॉम्प्ट, वापरकर्त्याला मेनूत दिसणारं नाव. `डिपेंड्स ऑन` म्हणजे पर्यायाची अट, `डिफॉल्ट` म्हणजे निवड नसताना धरायची किंमत, आणि `सिलेक्ट` म्हणजे सोबत दुसरा पर्यायही चालू करणं. यूएसबी, पीसीआय, लॅपटॉप आणि फर्मवेअर_लोडर हे पर्याय दुसऱ्याच कुठल्यातरी फाइलीत आहेत, कदाचित या फाइलीनंतर वाचल्या जाणाऱ्या.

पायरी १: कुठली अट केव्हा कळते ते वेगळं करा

काही अटींचं उत्तर फाइल वाचतानाच ठरलेलं असतं: कंपायलरला अमुक फ्लॅग चालतो का, अमुक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे का. बाकीच्या अटी वापरकर्त्याच्या निवडीवर टांगलेल्या असतात आणि ती निवड मेनूत एक कळ दाबली की बदलते. पहिल्या प्रकारची अट वाचता वाचता सोडवायला हरकत नाही. केकॉन्फिगमध्ये हे काम डॉलर आणि कंसातल्या मॅक्रोंकडे आहे. ही सोय २०१८ मध्ये कर्नेल ४.१८ पासून आली. दुसऱ्या प्रकारची अट मात्र वाचताना कधीही सोडवू नका, फक्त साठवा. आमच्या वॉचडॉगचा घोळ नेमका इथे झाला होता.

यातलीच एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. `इफ` ब्लॉकच्या आत `सोर्स` लिहून दुसरी फाइल ओढली, तर अट खोटी असताना ती फाइल वाचलीच जाणार नाही असं वाटतं. केकॉन्फिगमध्ये ती नेहमी वाचली जाते, तिच्यातल्या प्रत्येक पर्यायावर बाहेरची अट तेवढी चढते. आणि तेच योग्य आहे, कारण वाचताना ती अट खरी की खोटी हे कुणालाच ठाऊक नसतं.

पायरी २: नाव दिसलं की जागा धरून ठेवा

पार्सरला नवं नाव भेटलं, मग ते व्याख्येत असो की अटीत, की त्याची नोंद नावांच्या तक्त्यात लगेच करा. व्याख्या नंतर आली तर हीच नोंद भरली जाईल. त्यामुळे मागे-पुढे असण्याचा प्रश्नच मिटतो.

संपूर्ण वाचन झाल्यावर ज्या नोंदी रिकाम्या राहिल्या त्यांची यादी काढा. `टायमर` ऐवजी कुणी `टाइमर` लिहिलं असेल तर ते इथे सापडतं. केकॉन्फिग स्वतः अशा नावाला मुकाट एन, म्हणजे बंद, धरतं, आणि त्याला कारण आहे: प्रत्येक बिल्डमध्ये एकाच आर्किटेक्चरच्या फाइली वाचल्या जातात, तेव्हा बाकीच्यांची नावं रिकामी राहणं साहजिक असतं. म्हणूनच कर्नेलमध्ये अशी अनाथ नावं शोधायला वेगळी पायथन स्क्रिप्ट ठेवली आहे. आपल्या लहान प्रकल्पाला तसं काही कारण नसतं, त्यामुळे मी सरळ एरर देतो.

प्रत्येक गुणधर्माबरोबर फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक साठवायला विसरू नका. आज ते जास्तीचं काम वाटेल, पण सातव्या पायरीला त्यावाचून निभाव लागत नाही.

पायरी ३: एक्स्प्रेशनचं झाड आणि तीन किमती

व्याकरण सोपं आहे. तुलना सर्वांत घट्ट बांधते, मग `!` (नाही), मग `&&` (आणि), शेवटी `||` (किंवा). तुलना दोन नावांमध्येच होते, दोन एक्स्प्रेशनमध्ये नाही. म्हणजे `!अ = ब` याचा अर्थ `!(अ = ब)` असा लागतो. एकमेकांना बोलावणारी चार फंक्शनं लिहिली की झाड तयार होतं. यावर जास्त वेळ घालवू नका.

खरी गंमत किमतींमध्ये आहे. कर्नेलमध्ये एखादा ड्रायव्हर नसतो, मॉड्यूल म्हणून वेगळा असतो, किंवा कर्नेलच्या आतच बसवलेला असतो. या तीन अवस्था एन, एम आणि वाय, आणि त्यांच्या किमती ०, १ आणि २. मग नियम असे: `&&` म्हणजे दोन्हींतली लहान किंमत, `||` म्हणजे मोठी, आणि `!अ` म्हणजे २ वजा अ. तुलनेचं उत्तर मात्र ० किंवा २ एवढंच येतं.

कर्नेलच्या फाइलींत `डिपेंड्स ऑन पीटीपी || !पीटीपी` अशा धाटणीची ओळ वारंवार भेटते (पीटीपी हा घड्याळं जुळवण्याचा पर्याय). पहिल्यांदा पाहणारा म्हणतो, हे तर नेहमीच खरं, काढून टाकू. काढण्याआधी आकडे मांडून पाहा. पीटीपी ० असेल तर ० आणि २ यांतली मोठी किंमत २. पीटीपी २ असेल तर २ आणि ०, म्हणजे पुन्हा २. पण पीटीपी १ असेल तर २ वजा १ पुन्हा १, आणि १ व १ यांतली मोठी किंमत १. म्हणजे ही ओळ सांगते: पीटीपी नसला तरी चालेल, आत असला तरी चालेल, पण तो मॉड्यूल असेल तर मीही मॉड्यूलच हवा. कर्नेलच्या आत बसवलेला कोड मॉड्यूलमधलं फंक्शन थेट बोलावू शकत नाही, ते लिंक होताना सापडतच नाही. एवढी सगळी गोष्ट त्या निरुपयोगी दिसणाऱ्या ओळीत सामावलेली आहे.

तुमच्या फाइलीत हो आणि नाही एवढंच असेल तरी ० आणि २ घेऊन हेच नियम वापरा. पुढे तिसरी अवस्था लागली तर मोडतोड करावी लागत नाही. एक दक्षता घ्या: एक्स्प्रेशन सोपं करणारा कोड लिहिलात, तर `अ || !अ` चं २ करून टाकू नका.

पायरी ४: बाहेरच्या अटी आत उतरवा

वाचन संपल्यावर झाडावर एक फेरी मारा आणि बाहेरच्या प्रत्येक `इफ` आणि मेनूची अट आतल्या पर्यायांच्या अटीला `&&` ने जोडा. वायफायची थेट अट आता अशी होते:

```
नेट && (यूएसबी || पीसीआय)
```

हीच अट पुढे त्या पर्यायाच्या प्रॉम्प्ट, डिफॉल्ट आणि सिलेक्ट या प्रत्येकाच्या स्वतःच्या अटीलाही जोडा. डिफॉल्टची अट होते `लॅपटॉप && नेट && (यूएसबी || पीसीआय)`. जोडणी मजकुराची न करता झाडांची करा. मजकूर चिकटवला तर कंस हरवतात आणि `नेट && यूएसबी || पीसीआय` असं भलतंच काहीतरी तयार होतं. ही चूक मी दुसऱ्याच्या कोडमध्येही पाहिली आहे आणि ती चाचणीत सहज निसटते, कारण पीसीआय बंद असेपर्यंत दोन्हींचं उत्तर सारखंच येतं.

एकाच पर्यायाच्या दोन ठिकाणी व्याख्या असल्या तर काय? केकॉन्फिग ते चालवून घेतं. अशा वेळी दोन्ही ठिकाणच्या थेट अटी `||` ने जोडल्या जातात. कुठल्याही एका दारातून आत येता आलं तरी पुरे.

पायरी ५: सिलेक्ट म्हणजे उलट्या दिशेची डिपेंडन्सी

`डिपेंड्स ऑन` किमतीला वरून मर्यादा घालतं. `सिलेक्ट` खालून ढकलतं. वायफाय चालू झाला की फर्मवेअर_लोडर निदान तेवढा तरी चालू झालाच पाहिजे. यासाठी ओढणाऱ्याकडे नुसती नोंद ठेवून भागत नाही. ज्याला ओढलं जातं त्या पर्यायावर «ओढ» नावाचं एक एक्स्प्रेशन ठेवा आणि प्रत्येक सिलेक्टमागे त्यात `|| (ओढणारा && सिलेक्टची अट)` अशी भर घाला. चौथ्या पायरीआधी ही भर घालू नका, नाहीतर सिलेक्टच्या अटीत बाहेरचा `इफ` उतरलेला नसेल.

सिलेक्टमध्ये एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. ओढलेल्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पाळल्या जात आहेत की नाही हे सिलेक्ट बघत नाही. कर्नेलमध्ये रेगमॅप_आय२सी हा पर्याय आय२सीवर (बोर्डावरच्या चिपा जोडणाऱ्या तारांच्या व्यवस्थेवर) अवलंबून आहे. एखाद्या ड्रायव्हरने त्याला सिलेक्ट केलं पण स्वतः आय२सीची अट घातली नाही, तर आय२सी बंद असतानाही रेगमॅप_आय२सी चालू होतो आणि बिल्ड लिंक होताना कोसळतं. एरर दिसते न सापडलेल्या फंक्शनची आणि दोष असतो कॉन्फिगरेशनमध्ये. म्हणून कर्नेलचं दस्तऐवजीकरण सांगतं, की ज्यांना प्रॉम्प्ट नाही किंवा ज्यांना स्वतःच्या अटी नाहीत अशाच पर्यायांना सिलेक्ट करावं. आपल्या पार्सरमध्ये मी इशाऱ्यावर न थांबता इथे बिल्डच अडवतो.

सौम्य ओढ हवी असेल तर `इम्प्लाय` आहे, २०१७ मध्ये कर्नेल ४.१० पासून. ती डिफॉल्टला वर नेते, पण थेट अटीच्या पुढे जात नाही, आणि वापरकर्त्याने स्पष्ट नाही म्हटलं तर मागे हटते.

पायरी ६: किंमत काढणं

आतापर्यंत एकही अट सोडवलेली नाही. आता सोडवायची, आणि तीही मागितली तेव्हाच.

```
किंमत(प):
    आधी काढलेली असेल तर तीच परत दे
    दिसणं = प्रॉम्प्टच्या अटींतली सर्वांत मोठी किंमत
    जर प बूल आणि दिसणं == १:  दिसणं = २
    जर दिसणं > ० आणि वापरकर्त्याची निवड असेल:
        क = लहान(निवड, दिसणं)
    नाहीतर:
        क = लागू होणारा पहिला डिफॉल्ट, त्याच्या अटीने कापून
        जर इम्प्लाय > ०:
            क = लहान(मोठी(क, इम्प्लाय), थेट_अट)
    जर ओढ > थेट_अट:  इशारा दे (माझ्या पार्सरमध्ये: बिल्ड अडव)
    क = मोठी(क, ओढ)
    जर प बूल आणि क == १:  क = २
    क साठव आणि परत दे
```

आकडे घालून पाहू. नेट २, यूएसबी १, पीसीआय ०, आणि वापरकर्त्याला वायफाय २ हवा आहे. थेट अट: यूएसबी आणि पीसीआय यांतली मोठी १, मग ती आणि नेट यांतली लहान १. वायफाय १ वर थांबतो. फर्मवेअर_लोडरवरची ओढही १ होते. तो ट्रायस्टेट असेल तर १ राहतो, बूल असेल तर २ होतो. आता नेट बंद करा. दिसणं ०, म्हणून निवड बाजूला पडते. डिफॉल्टच्या अटीतही नेट उतरलेला आहे, म्हणून तोही ०. वायफाय गेला आणि दुसरं कुणी ओढत नसेल तर फर्मवेअर_लोडरही गेला.

वापरकर्त्याने मागितलेला २ मात्र पुसू नका. निवड आणि निघालेली किंमत या दोन वेगळ्या जागी ठेवा. नेट पुन्हा चालू झाला की वायफाय आपोआप परत आला पाहिजे. या दोन्हींसाठी एकच व्हेरिएबल वापरणारे पार्सर मी पाहिले आहेत. मेनूत एक कळ चुकून दाबली की तिथे अर्ध्या तासाच्या निवडी पुसल्या जातात.

डिफॉल्टच्या बाबतीत लक्षात ठेवा: ज्याची अट लागू होते असा पहिला डिफॉल्ट जिंकतो, शेवटचा नाही. झेफरमध्ये बोर्डाच्या डिफॉल्टच्या फाइली आधी वाचल्या जातात त्या याचसाठी.

निवड बदलली की साठवलेल्या सगळ्या किमती रद्द करा. कुठल्या किमतींवर परिणाम होईल याचा माग काढत तेवढ्याच रद्द करण्याचा मोह होतो. कर्नेलसुद्धा सरसकट सगळ्या रद्द करतं आणि मेनू तरीही झटपट चालतो.

पायरी ७: चक्र पकडा

वायफायने फर्मवेअर_लोडरला सिलेक्टही केलं आणि त्याच्यावर `डिपेंड्स ऑन`ही लिहिलं, तर वायफायची किंमत लोडरवर आणि लोडरची वायफायवर टांगली जाते. वरचं फंक्शन स्वतःला बोलावत राहील आणि स्टॅक संपेल. याउलट, वायफाय लोडरला सिलेक्ट करतो आणि लोडर वायफायवर अवलंबून आहे, यात चक्र नाही, कारण दोन्ही बाण लोडरकडून वायफायकडेच जातात. हा फरक कागदावर बाण काढून एकदा पाहाच.

तपासणी किमती काढण्याआधी करा, आणि किमती न बघता नुसत्या एक्स्प्रेशनमधल्या नावांवर करा. किमतींवर अवलंबून राहिलात तर चक्र तुमच्या मशीनवर दिसणार नाही, दुसऱ्याच्या निवडींवर उगवेल. प्रत्येक पर्यायाला तीन खुणा पुरतात: न पाहिलेला, हातात असलेला, संपलेला. खोल उतरत जाताना हातात असलेलाच पुन्हा भेटला की चक्र सापडलं. बाण मोजताना प्रॉम्प्ट आणि डिफॉल्टच्या अटी, ओढ, इम्प्लाय आणि तुलनेतली नावंही धरा. `सिलेक्ट ब इफ क` मध्ये ब हा `क`वरही अवलंबून होतो, हे हमखास राहून जातं.

«चक्र आहे» एवढंच सांगणारी एरर निरुपयोगी. पूर्ण वाट दाखवा:

```
चक्र सापडलं:
  वायफाय अवलंबून फर्मवेअर_लोडरवर   (नेट.कॉन्फ, ओळ १२)
  फर्मवेअर_लोडरला ओढतो वायफाय     (नेट.कॉन्फ, ओळ १४)
```

पायरी ८: जतन करणं आणि परत वाचणं

पर्याय बंद आहे आणि पर्यायाबद्दल कधी विचारलंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नेलच्या जतन केलेल्या फाइलीत बंद पर्यायासाठी `# कॉन्फिग_वायफाय इज नॉट सेट` अशी ओळ असते. दिसायला ती टिप्पणी, पण पार्सर ती वाचतो. नवी आवृत्ती आली की ओल्डकॉन्फिग ही आज्ञा फक्त ज्यांची ओळच नाही त्यांच्याबद्दल विचारतं. आपल्या फाइलीत खोटी टिप्पणी न वापरता स्पष्ट `वायफाय=एन` लिहिलेलं मला जास्त पटतं.

ज्या पर्यायांच्या अटी पुऱ्या होत नाहीत ते कर्नेल फाइलीत लिहितच नाही. म्हणजे नेट बंद करून फाइल जतन केली, की त्याखालच्या सगळ्या निवडी पुढच्या वेळी नसतात. मोठी उलथापालथ करण्याआधी जुन्या फाइलीची प्रत ठेवा.

आमच्या वॉचडॉगसारखा प्रसंग पुन्हा येऊ नये यासाठी फाइल वाचल्यावर प्रत्येक निवड निघालेल्या किमतीशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर कारणासकट सांगा. कारण काढणं सोपं आहे: थेट अटीच्या झाडात खाली उतरा. `&&` असेल तर ज्या फांदीची किंमत मागणीपेक्षा कमी आहे तिकडे वळा. `||` असेल तर दोन्ही फांद्या कमी पडल्या आहेत, दोन्ही सांगा.

```
वायफाय: मागितलं वाय, मिळालं एम
  कारण: (यूएसबी || पीसीआय) = एम   (नेट.कॉन्फ, ओळ ८)
  यूएसबी = एम, पीसीआय = एन
```

कर्नेलमधली मर्ज_कॉन्फिग ही स्क्रिप्टही मागितलेली किंमत अंतिम फाइलीत नसेल तर तसं कळवते. आमच्या बिल्ड सर्व्हरवर या फरकाला मी आता एररच मानतो.

पायरी ९: चाचण्या

`&&` आणि `||` च्या नऊ-नऊ जोड्या आणि `!` च्या तीन किमती हाताने लिहून तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. मग कर्नेलच्या रँडकॉन्फिगसारखं करा: प्रत्येक पर्यायाला यादृच्छिक निवड द्या, किमती काढा, जतन करा, परत वाचा. दोन गोष्टी प्रत्येक वेळी जुळल्या पाहिजेत. परत वाचल्यावर निघालेल्या किमती आधीच्याच असाव्यात. आणि ज्यावर ओढ नाही अशा कुठल्याही ट्रायस्टेट पर्यायाची किंमत त्याच्या थेट अटीपेक्षा जास्त नसावी. बूल पर्यायाला १ ची सूट द्या, कारण तिथे १ चा २ आपणच केला आहे. यादृच्छिक आकड्यांचं बीज लॉगमध्ये छापा, म्हणजे फसलेली फेरी तशीच्या तशी पुन्हा चालवता येते.

शेवटी फाइलीतल्या ओळींचा क्रम ढवळून तीच चाचणी पुन्हा लावा: व्याख्या वर-खाली करा, टायमर वॉचडॉगच्या खाली न्या, मग वर आणा. एका पर्यायाचे डिफॉल्ट आपसांत हलवू नका, तिथे क्रमाला अर्थ आहे. बाकी कुठेही क्रम बदलल्याने किंमत बदलली, तर पार्सरमध्ये अजून कुठेतरी एखादी अट वाचता वाचताच सोडवली जात आहे. ती जागा शोधून काढा.